क्लाउडवर जाण्याआधी: वेबसाइटचा वेग आणि बिल एकाच वहीत मोजायची रीत

नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका पुस्तक दुकानाची वेबसाइट मी सांभाळतो. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर त्यांचा स्टॉल लागतो. १९५६ सालच्या १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून दरवर्षी लाखो लोक येतात आणि जाताना पुस्तकं घेऊन जातात. ज्यांना ओझं झेपत नाही ते मुखपृष्ठाचा फोटो काढतात आणि गावी पोचल्यावर फोनवरून मागवतात. त्यामुळे वर्षभर निवांत असलेल्या साइटवर त्या आठवड्यात झुंबड उडते, आणि ती नेमकी तेव्हाच झोपते.

दुकानाच्या काकाजींनी एकदा समोर बसवून विचारलं, "सगळे म्हणतेत क्लाउडवर टाका. टाकलं तर फास्ट होईन का? अन् महिन्याचं बिल किती येईन, तेवढं सांग. बाकीचं मले नाही समजत."

क्लाउड म्हणजे मोठ्या कंपनीच्या केंद्रातला, वापरू तसे पैसे मोजून भाड्यानं घेतलेला सर्व्हर. दोन्ही प्रश्नांची उत्तरं मी वेगवेगळी शोधायला लागलो, ही माझी पहिली चूक. एका वहीत वेग, दुसऱ्या वहीत खर्च. प्रत्यक्षात पान जड असेल तर ते हळूही उघडतं आणि बिलही वाढवतं. म्हणून आता एकच वही ठेवतो: डाव्या पानावर मिलिसेकंद, उजव्या पानावर रुपये, तारीख तीच. पुढे जे सांगतोय ते या वहीच्या क्रमानं.

आधी आहे त्या जागेवर मोजा

नवा सर्व्हर घेण्याआधी किमान एक आठवडा जुन्याचं मोजमाप घ्या. हे केलं नाही तर नंतर "वाटतंय फास्ट" एवढंच हातात राहतं.

गूगलचं वेग मोजायचं साधन, पेजस्पीड इनसाइट्स, फुकट आहे, तिथून सुरुवात करा. त्याच्या निकालाचे दोन भाग असतात. वरचा भाग खऱ्या लोकांचा, म्हणजे क्रोम वापरणाऱ्या तुमच्याच ग्राहकांकडून गेल्या २८ दिवसांत जमलेला. खालचा भाग प्रयोगशाळेतला: मध्यम दर्जाचा फोन आणि मंद फोरजी, साधारण १.६ मेगाबिट प्रति सेकंद, असं नाटक करून एकदाच काढलेला. लोक खालच्या गोल आकड्याकडे बघून खूश होतात किंवा रडतात. खरा महत्त्वाचा वरचा भाग. लहान साइटवर पुरेशी गर्दी नसेल तर तो दिसतच नाही, मग खालच्यावर भागवावं लागतं. पण मग एकदा चाचणी घेऊन थांबू नका. पाच वेळा घ्या आणि चढत्या क्रमातला मधला आकडा वहीत लिहा.

तीन मापं पुरतात. पानातला सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ, म्हणजे एलसीपी, २.५ सेकंदांच्या आत हवा. बोट लावल्यावर पान हलायला लागणारा वेळ, आयएनपी, २०० मिलिसेकंदांच्या आत. २०२४ च्या मार्चपासून जुन्या एफआयडी या मापाची जागा यानं घेतली, त्यामुळे जुने लेख वाचत असाल तर सांभाळून. आणि उघडता उघडता पान किती उड्या मारतं ते सीएलएस, ०.१ च्या आत. दर १०० भेटींपैकी ७५ भेटींत हे साधलं तर गूगल त्याला चांगलं म्हणतं.

कोणती पानं मोजायची? सगळे फक्त साइटचं मुखपृष्ठ, म्हणजे पहिलं पान, मोजतात. मुखपृष्ठ बहुतेक वेळा कॅशमधून, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या प्रतीतून, येतं, त्यामुळे ते खोटं बोलतं. एक पुस्तकाचं पान, एक यादीचं पान, शोध आणि टोपली, एवढी तरी घ्याच. शोध आणि टोपली कॅश होत नाहीत. सर्व्हरची खरी ताकद तिथे उघडी पडते.

मोजायचं कुठून, हेही तितकंच महत्त्वाचं. गायत्रीनगरच्या आयटी पार्कमध्ये ऑफिसच्या फायबरवर बसून मोजलेला वेग तुमच्या ग्राहकाचा नाही. माझा एक मावसभाऊ काटोलला असतो, त्याच्याकडे तीन-चार वर्षं जुना, स्वस्तातला फोन आहे. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास त्यानं तेच पान उघडून पाहायचं, एवढंच काम त्याला दिलं. रात्री नऊला टॉवरवर सगळं गाव असतं. सीम वेगवेगळ्या कंपन्यांचं घ्या. जिओवर बरीचशी वाहतूक आयपीव्ही६ नं, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीनं, जाते, म्हणून नवा सर्व्हर आयपीव्ही६ वरही नीट उत्तर देतो का, हे याच टप्प्यावर टिपणात घालून ठेवा.

अंतर किती, आळस किती

लेखातला हा भाग सावकाश वाचा. क्लाउडवर जावं की नाही, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

कर्ल नावाचं छोटं साधन जवळपास प्रत्येक संगणकावर असतं. ते एका पानाच्या भेटीचे वेळ तोडून दाखवतं: साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधायला किती, जोडणी व्हायला किती, टीएलएसची सुरक्षित बोलणी व्हायला किती, आणि पहिला बाइट हातात यायला किती. आकडे एकात एक मिळवत जाणारे असतात, म्हणून वजाबाकी करावी लागते.

समजा परदेशातल्या सर्व्हरसाठी आकडे असे आले: नाव ३०, जोडणी २६०, टीएलएस ५००, पहिला बाइट १९०० मिलिसेकंद. जोडणीतून नाव वजा केलं की २३० उरतात. हे एका जाण्यायेण्याचं अंतर. टीएलएसला आणखी २४०, म्हणजे पुन्हा एक फेरी. त्यानंतर पहिल्या बाइटपर्यंत १४००. त्यातली २३० पुन्हा फेरी, आणि उरलेली ११७० सर्व्हर विचार करत बसला होता.

आता फेऱ्यांचं अंतर हा भूगोल आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याच्या कडेनं सरळ तार टाकली तर प्रकाश मुंबईकडे साडेतीन मिलिसेकंदांत पोचेल, येऊनजाऊन सात. रस्ता वळणाचा, मध्ये यंत्रं, त्यामुळे घरच्या जोडणीवर प्रत्यक्षात वीस-तीस धरा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत अंतर तेरा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे निव्वळ प्रकाशालाच जाऊन यायला १३० मिलिसेकंद, आणि व्यवहारात दोनशेच्या वर. इथे कितीही पैसे ओता, भूगोल हटत नाही.

वरच्या उदाहरणातला सर्व्हर उचलून मुंबईत ठेवला आणि बाकी काहीच बदललं नाही, तर काय होईल? नाव ३०, जोडणी ३०, टीएलएस ३५, मग ३० अधिक ११७०. बेरीज १२९५. सहाशे मिलिसेकंद वाचले, पण पहिल्या बाइटसाठी चांगली मानली जाणारी मर्यादा ८०० आहे. आपण अजून बाहेरच.

आता उलट करून बघा. सर्व्हर परदेशातच ठेवला, पण पान कॅशमधून द्यायला लावलं आणि विचार करायचा वेळ ११७० वरून ५० वर आणला. ३०, २३०, २४०, २३०, ५०: बेरीज ७८०. म्हणजे जागा न हलवता, जास्तीचा एक रुपया न घालता मर्यादेच्या आत. दोन्ही केलं तर १७५.

हा हिशेब काकाजींना दाखवला तेव्हा ते म्हणाले, "मंग क्लाउड कशाले?" रास्त प्रश्न. टोपली आणि शोध कॅश होत नाहीत, आणि दसऱ्याच्या आठवड्यात सामायिक होस्टिंगवर, म्हणजे अनेक साइटनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवर, शेजाऱ्यांची गर्दीही आपल्याच माथी येते, म्हणून. पण तुमची साइट नुसती माहितीची असेल, दुकान नसेल, तर हे गणित करून इथेच थांबायला हरकत नाही.

पानाचं वजन: मराठी साइटची खास दुखणी

हलवण्याआधी पान हलकं करा, कारण क्लाउडवर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जीबीचा मीटर चालू असतो.

पुस्तकांच्या मुखपृष्ठांची छायाचित्रं वेबपी या हलक्या प्रकारात काढा आणि फोनला फोनच्या मापाची द्या, हे सगळेच सांगतात. मराठी साइटचं वेगळं दुखणं फॉन्ट. देवनागरी फॉन्टमध्ये नुसती मुळाक्षरं नसतात, शेकडो जोडाक्षरांचे आकार असतात, म्हणून एकेक वजन, म्हणजे साधं, मध्यम, ठळक, रोमनपेक्षा बरंच भारी पडतं. आमच्या साइटवर पाच वजनं लोड होत होती आणि प्रत्यक्षात दोनच वापरात होती. तीन उडवली. उरलेली वॉफ२ या दाबलेल्या प्रकारात ठेवली, आणि फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्या देवनागरीत मजकूर दिसू दिला.

फॉन्ट कापून लहान करणारी साधनं असतात. ती वापरताना जपा. मुळाक्षरं ठेवून जोडाक्षरांचे नियम उडाले तर "क्ष" फुटतो, आणि शून्य रुंदीचा जोडक हे न दिसणारं चिन्ह यादीतून गळलं तर "र्‍या"चा चंद्रकोरी रफार जातो. कापल्यावर "ज्ञानेश्वर, दृष्टी, श्रीमंत, र्‍हास, तुर्‍या, सुऱ्या" असे शब्द एका पानावर लिहून स्वस्त फोनवर डोळ्यांनी पाहा. "सुऱ्या" दोन्ही पद्धतींनी टाइप होतो, दोन्ही तपासा.

आणखी एक. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं, रोमनचं एक. मराठी लेखाचं कच्चं पान म्हणूनच मोठं दिसतं. पण त्या तिनांतले पहिले दोन बाइट पुन्हा पुन्हा तेच येत असल्यामुळे दाबल्यावर ते छान आक्रसतं. सर्व्हरवर ब्रोटली किंवा जीझिप ही दाबायची पद्धत चालू आहे का, एवढं बघा. नवीन रिकाम्या सर्व्हरवर ते आपसूक चालू असेलच असं नाही, आणि जुन्या होस्टिंगवर ते कोणीतरी आपल्यासाठी लावून ठेवलेलं असतं, हे आपण विसरतो.

चाचणीचा सर्व्हर

सर्व्हर बनवण्याच्या आधी खात्यात बजेटचा इशारा लावा. आधी, नंतर नाही. महिन्याचा आकडा ठरवा आणि ५०, ८०, १०० टक्क्यांवर मेल यायची सोय करा. लक्षात असू द्या, हा इशारा खर्च थांबवत नाही, फक्त कळवतो, आणि बिलाचे आकडे काही तास उशिरानं दिसतात. तो धूर दाखवणारा भोंगा आहे, पाण्याचा पंप नाही.

शहर कोणतं? अ‍ॅमेझॉनचं केंद्र मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादेत २०२२ पासून आहे. गूगलचं मुंबईत २०१७ पासून, दिल्लीत २०२१ पासून. मायक्रोसॉफ्टचं एक पुण्यात, डिजिटलओशनचं बंगळुरूत. नागपूरकर म्हणून नकाशावर हैदराबाद जवळचं वाटतं, आणि सडकेनं आहेही. पण मोबाइलचा डेटा सडकेनं जात नाही. कंपनीची तार जिथून बाहेर पडते तिथून तो जातो. काटोलच्या फोनवरून निघालेलं पॅकेट आधी मुंबईला जाऊन मग हैदराबादेत उतरेल, असंही होतं. दोन शहरांत दोन-दोन दिवस छोटी मशीन ठेवून तीच कर्लची चाचणी करा. खर्च नगण्य येतो.

मशीनच्या बाबतीत एक सापळा नीट समजून घ्या. अ‍ॅमेझॉनच्या स्वस्त टी मालिकेच्या मशीनला कायम पूर्ण ताकद वापरू देत नाहीत. तिला क्रेडिट मिळतात. एक क्रेडिट म्हणजे एक कोअर, प्रोसेसरचा एक हिस्सा, एक मिनिट पूर्ण वेगानं. टी३.स्मॉलला दोन कोअर आणि तासाला २४ क्रेडिट. दोन्ही कोअर पळवले तर तासाला १२० लागतात. जमा जास्तीत जास्त ५७६ होते. म्हणजे भरलेल्या खिशानं ती सहा तास पळेल आणि मग प्रत्येक कोअर २० टक्क्यांवर येऊन रांगेल. सहा तास, आणि दसऱ्याची गर्दी दोन-तीन दिवसांची!

ती रांगताना मात्र सहसा दिसत नाही, कारण टी३ मध्ये अमर्याद पद्धत आपोआप चालू असते: क्रेडिट संपलं की वरच्या वापराचे पैसे लागतात, लिनक्सवर प्रत्येक कोअरच्या तासाला ५ सेंट. दोन्ही कोअर दिवसभर पळाले तर रोजचे साधारण १.९ डॉलर जास्तीचे. म्हणून चाचणीपुरती मर्यादित पद्धत निवडा. मशीन दमते का, कधी दमते, हे डोळ्यांसमोर दिसू द्या. नंतर हवं तर अमर्याद करा.

साइटची प्रत तिथे नेताना मराठीवाल्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. जुना डेटाबेस कधी काळी लॅटिन१ नावाच्या अक्षरसंचात बनला असेल, तर नव्या जागी सगळं मराठी विचित्र टोप्या घातलेल्या परकी अक्षरांत दिसतं. सगळं यूटीएफ८एमबी४ मध्ये हवं, आणि रूपांतर आधी प्रतीवर करून पाहायचं. दुसरं, साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर असेल तर ते पानाच्या पत्त्याला २०० अक्षरांची जागा देतं. एकेक देवनागरी अक्षरचिन्ह सांकेतिक रूपात नऊ जागा खातं, त्यामुळे पत्ता बावीसेक चिन्हांवर तुटतो. जुने तुटके पत्ते जसेच्या तसे नव्या जागी उघडतात का, पन्नासेक उघडून पाहा. फोनवर पाठवलेल्या जुन्या लिंका त्याच आहेत.

लोकांना न दाखवता पाहायचं तर आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये साइटचं नाव आणि नव्या सर्व्हरचा पत्ता लिहा. फक्त तुमच्यासाठी नवी साइट उघडेल. बाहेरच्यांसाठी पासवर्ड लावा, नाहीतर गूगल दोन्ही प्रती वाचत बसेल.

आणि मेल, एसएमएस, पेमेंट, सगळं बंद किंवा चाचणी पद्धतीवर. हे ठळक सांगतो, कारण मी ते विसरलो होतो. प्रतीमधली रोजची आपोआप चालणारी कामं नव्या जागी जागी झाली आणि जुन्या ग्राहकांना "आपलं पार्सल निघालं आहे" असे मेल गेले. दोन दिवस दुकानाचा फोन वाजत होता. हिंगणघाटच्या एका मास्तरांनी तर पुस्तकं मिळाली नव्हती तरी आभार मानले.

गर्दीचं नाटक

आता मशीनवर गर्दी सोडायची. के६ किंवा अपाची बेंच, खोटी गर्दी तयार करणारं कोणतंही साधन चालेल. शोध आणि टोपलीसारखे टप्पे लिहायचे तर के६ सोयीचं.

किती गर्दी? "एक हजार लोक एकदम" असा आकडा हवेतून काढू नका. जुन्या सर्व्हरची नोंद काढा, गेल्या दसऱ्याचा सर्वांत गजबजलेला तास शोधा. त्या तासात ७२०० पानं उघडली असतील तर ते सेकंदाला दोन पान झालं. गर्दी गठ्ठ्यानं येते म्हणून तिप्पट धरा: सहा. आता मशीनकडे या. कॅश नसलेल्या एका पानाला ०.४ सेकंद कोअर लागत असेल तर दोन कोअरची कमाल सेकंदाला पाच पानं. सहा मागितली तर रांग लागणार आणि रांग वाढतच जाणार. हेच पान कॅशमधून गेलं तर तीच मशीन शेकडो पानं देते. म्हणजे खरा प्रश्न लोक किती हा नाही. त्यातले किती शोधतायत आणि टोपली भरतायत, हा आहे.

चाचणी निदान एक तास चालवा, आणि मशीनच्या खिशात क्रेडिट जमा असेल तर ते संपेपर्यंत. दहा मिनिटांची चाचणी क्रेडिटच्या जोरावर पास होते. गर्दी हळूहळू चढवा. प्रत्येक वेळी वेगळं पान, वेगळा शोधशब्द द्या. एकाच पानावर हजार वेळा आपटलात तर कॅशचीच परीक्षा होते. शोधाला मराठी शब्द द्या, मराठीच्या शोधाला डेटाबेस कुठे अडखळतो ते तिथेच कळतं. आणि सरासरी लिहू नका. १०० पैकी ९५ भेटी किती वेळात झाल्या ते लिहा. सरासरीत सुखी लोक दुःखी लोकांना झाकतात.

गर्दी सोडणारं यंत्र त्याच केंद्रात, आतल्या पत्त्यावरून चालवलं तर बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे वाचतात. अंतर तुम्ही आधीच वेगळं मोजलंय, ते इथे नको. जुन्या सामायिक होस्टिंगवर मात्र हे नाटक कधीच करू नका. शेजारच्या पन्नास साइट बसतील आणि तुमचं खातं बंद होईल.

उजवं पान: रुपये

जाहिरातीत मशीनचा भाव असतो. बिलात मशीन, डिस्क, डिस्कच्या जतन केलेल्या प्रती, सार्वजनिक पत्ता, बाहेर गेलेला डेटा, आणि कोणाच्या तरी सल्ल्यानं लावलेला लोड बॅलन्सर, म्हणजे गर्दी अनेक मशीनवर वाटणारा, असतो. नॅट गेटवे नावाचं एक प्रकरण आहे, आतल्या मशीनना बाहेर जायचं दार. तासाचेही पैसे आणि जीबीचेही. एका मशीनच्या दुकानाला ते लागत नाही. आराखडा कोणाकडून करून घेतला असेल तर आधी ते शोधून काढा.

सार्वजनिक आयपीव्ही४, म्हणजे जुन्या पद्धतीच्या, पत्त्याचे अ‍ॅमेझॉन २०२४ च्या फेब्रुवारीपासून तासाला ०.००५ डॉलर घेतं. महिन्याचे ७३० तास धरले तर ३.६५ डॉलर. डॉलर हिशेबासाठी ९० रुपये धरतो: सव्वातीनशेच्या आसपास, कर वेगळा.

आता डेटा. समजा गर्दीच्या महिन्यात तीन लाख पानं उघडली आणि पान दीड एमबीचं आहे. ४५० जीबी बाहेर गेले. अ‍ॅमेझॉनवर महिन्याचे पहिले १०० जीबी फुकट, मुंबईतून पुढच्या प्रत्येक जीबीला ०.१०९३ डॉलर. ३५० जीबीचे ३८.२६ डॉलर, म्हणजे ३४४३ रुपये, आणि १८ टक्के जीएसटी धरून ४०६३. पान अर्ध्या एमबीवर आणलं तर १५० जीबी, त्यातले ५० पैशांचे: ४९२ रुपये, जीएसटीसह ५८०. वर फॉन्टची तीन वजनं उडवली ती आठवा. डाव्या पानावरची मेहनत उजव्या पानावर अशी उतरते.

जीएसटीवर एक पाऊल जास्त थांबतो. बहुतेक धंदेवाल्यांना वाटतं, १८ टक्के काय, परत मिळतात. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. विक्रीवर करच नाही म्हणून खरेदीवरचा करही वळता होत नाही. पुस्तक दुकानासाठी ते १८ टक्के खिशातलेच. मसाले किंवा साड्या विकणाऱ्या नोंदणीकृत दुकानाचा हिशेब वेगळा होईल. आपल्या सीएला एकदा विचारा. बिल डॉलरमध्ये येत असेल तर कार्डाचं परकीय चलनाचं शुल्कही धरा.

मीटरची धास्ती वाटत असेल तर ठरीव भावाच्या योजना आहेत. डिजिटलओशनची १२ डॉलरची मशीन, दोन जीबी मेमरी, महिन्याला दोन हजार जीबी डेटा आत धरून. वरचा डेटा जीबीला एक सेंट. अ‍ॅमेझॉनच्याच लाइटसेलमध्ये तशाच योजना आहेत, पण बारीक अक्षरं वाचा: मुंबईत डेटाचा कोटा इतर बहुतेक शहरांच्या निम्मा असतो. भाव बदलत राहतात, खरेदीच्या दिवशी किंमत-गणकात पुन्हा टाकून बघा.

मधे सीडीएन, म्हणजे ठिकठिकाणी प्रती ठेवणारं जाळं, घातलं तर चित्रं आणि फॉन्ट ग्राहकाच्या जवळच्या केंद्रातून जातात आणि मीटर हलका होतो. क्लाउडफ्लेअर या सीडीएन कंपनीच्या केंद्रांच्या यादीत नागपूरही आहे. पण तुमच्या ग्राहकाला ते नागपुरातूनच मिळतं असं समजू नका. उत्तराच्या शीर्षकात विमानतळाची तीन अक्षरी खूण येते: एनएजी आली तर नागपूर, बीओएम आली तर मुंबई, एसआयएन आली तर सिंगापूर. काटोलच्या फोनवर आणि घरच्या फायबरवर वेगवेगळी आली तर आश्चर्य नको. दोन्ही लिहून ठेवा.

शेवटी महिन्याचा एकूण आकडा त्या महिन्याच्या ऑर्डरींनी भागा. काकाजींना जीबी कळत नाही, "एका ऑर्डरमागे सर्व्हरचे किती पडले" हे लगेच कळतं.

हलवण्याची रात्र

दसरा, १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर यांच्या आसपासचे पंधरा दिवस सोडून तारीख घ्या. दोन दिवस आधी डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या नोंदीचा, टीटीएल (ती नोंद किती वेळ जपून ठेवायची तो काळ) ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे काही बिघडलं तर मागे फिरणं मिनिटांचं काम राहील. रात्री एक-दीडला, टोपली तासभर बंद ठेवून डेटाबेसची शेवटची प्रत न्या, पत्ता बदला, स्वतः एक पुस्तक विकत घ्या, पैसे खरोखर भरा.

मेलवर सर्वांत जास्त लोक आपटतात. स्वस्त होस्टिंगमध्ये मेलही त्याच पोटात असतो. नेमसर्व्हर, म्हणजे या नोंदी ठेवणारे सर्व्हर, बदलताना मेलच्या नोंदी मागे राहिल्या तर दुकानाचा मेल नुसता गप्प होतो, चूकही दाखवत नाही. शिवाय क्लाउडवरच्या सर्व्हरमधून थेट मेल पाठवायचं २५ क्रमांकाचं दार बहुतेकदा बंद असतं, अ‍ॅमेझॉनवर तर असतंच. ऑर्डरच्या मेलसाठी वेगळी मेलसेवा आधीच जोडून, जीमेलवर मेल पोचतो की स्पॅममध्ये पडतो ते बघून ठेवा.

दुसऱ्या दिवशी काटोलच्या मावसभावाला पुन्हा तेच काम द्या, तीच पानं, त्याच वेळा. पेजस्पीडचा वरचा भाग लगेच बदलणार नाही. तो २८ दिवसांचा असल्यामुळे पहिले काही आठवडे जुनी पापंही त्यात मिसळलेली असतात. महिन्यानं बघा.

आम्ही शेवटी ठरीव भावाची मुंबईतली मशीन घेतली, पुढे सीडीएन लावलं, आणि दसऱ्याच्या दहा दिवसांपुरती मोठी मशीन घ्यायची असं ठरवलं. जुनं होस्टिंग महिनाभर तसंच ठेवलं. मग चाचणीची हैदराबादची मशीन, तिची डिस्क, जतन केलेल्या चार प्रती आणि कशालाच न जोडलेला एक पत्ता, हे सगळं शोधून पुसलं, कारण मशीन बंद केली तरी या बाकीच्या वस्तूंचं भाडं चालूच राहतं. सगळ्यात शेवटी जुन्या होस्टिंगच्या खात्यात शिरून आपोआप नूतनीकरणाची खूण काढली. काकाजींनी ती निघालेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, मग चहा सांगितला.